मार्गोचं हिरवं बटण

क्लेम हार्डविक यांच्याइतका टापटिपीचा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्याच टापटिपीने त्यांचा घात केला. खरं म्हणजे घात मी केला. टापटीप त्यांची होती, चूक माझी. हे सरळ लिहायला मला फार दिवस लागले, म्हणून आधीच लिहून टाकते.

मी होबार्टला काम करते. लोखंडी सामानाच्या दुकानावरच्या दोन खोल्या, आम्ही तिघं, आणि एक किटली, जी लावली की दिवे मंद होतात. मालकाचं नाव डूगल. टास्मानियाच्या किनाऱ्यावर स्वयंसेवकांच्या ज्या रेडिओ-खोल्या आहेत त्यांच्यासाठी आम्ही एक प्रोग्रॅम बनवतो. बोट समुद्रात निघाली की बोटवाला रेडिओवरून नाव, माणसं आणि परतायची वेळ सांगतो. खोलीतला माणूस ते टाइप करतो आणि स्क्रीनवर त्या बोटीच्या नावाचं एक हिरवं बटण येतं. बोट परत आली की बटण दाबायचं, ते निघून जातं. वेळ टळून पंधरा मिनिटं झाली आणि कोणी दाबलं नाही, तर बटण लाल होतं आणि भोंगा वाजतो. बास, एवढंच. पण एवढ्याशावर माणसं वाचतात.

आता प्रत्येक खोलीची तऱ्हा वेगळी. कोणाला पंधराऐवजी दहा मिनिटं हवीत, कोणाला लहान मुलं असलेल्या बोटींचा भोंगा वेगळा हवा. दर वेळी आमच्याकडे कशाला यायचं, म्हणून प्रोग्रॅमच्या पोटात आम्ही एक छोटी भाषा बसवली आहे. शिकायला सोपी, आठवड्यात येते. त्या भाषेत ज्याने त्याने आपापले नियम लिहायचे. मात्र बटणं, खिडक्या, भोंगा ही सगळी मशीनची स्वतःची मालमत्ता. छोट्या भाषेला त्यांना थेट हात लावता येत नाही. मध्ये एक पूल लागतो, आणि तो पूल मी बांधलाय. छोट्या भाषेत तुम्ही 'बटण' म्हटलंत की तुमच्या हाती बटण येत नाही, बटणाला बांधलेली एक दोरी येते. त्या दोरीला तुम्ही चिठ्ठी अडकवायची: वेळ टळली तर हे कर.

आणि छोट्या भाषेत एक झाडूवाली असते. म्हणजे आम्ही तिला तसं म्हणतो. मशीनमधली जागा भरत आली की ती येते, आणि ज्या दोरीचं टोक कोणाच्याच हातात नाही ती दोरी चिठ्ठीसकट उचलून फेकून देते. ती विचारत नाही, सांगत नाही. तिचं कामच ते आहे.

क्लेम पूर्वी दीपगृहावर होते. सव्वीस वर्षं दिवा सांभाळला, मग दिवा आपोआप लागायला लागला आणि सरकारने त्यांना घरी पाठवलं. तेव्हापासून बॅरेट पॉइंटच्या रेडिओ-खोलीत ते शनिवार-रविवार बसायचे. मी तिथे पहिल्यांदा छोटी भाषा शिकवायला गेले तेव्हा ते एकाहत्तरचे होते. वर्गात सहा जण होते. पाच जण बिस्किटं खात होते आणि क्लेम वहीत लिहून घेत होते, समास आखून.

"पोरी, हे 'लोकल' म्हणजे काय म्हणालीस?" त्यांनी विचारलं होतं.

"जी वस्तू ज्या कामापुरती लागते ती त्या कामाच्या आतच ठेवायची, क्लेम. काम संपलं की ती आपोआप जाते. बाहेर पसारा टाकायचा नाही."

"म्हणजे दिव्याच्या खोलीत चिंधी विसरायची नाही."

"अगदी तेच."

"मग हे मला जमेल," ते म्हणाले, आणि त्यांना ते जमलं. त्यांचा कोड मी नंतर इतरांना दाखवायचे. प्रत्येक ओळ जागच्या जागी. इतर खोल्यांच्या मंडळींचा कोड म्हणजे गॅरेज. सगळ्या दोऱ्या एका भल्यामोठ्या टोपलीत कोंबलेल्या, पाच वर्षांपूर्वी विकल्या गेलेल्या बोटींच्यासुद्धा. मी त्यांना दर भेटीला रागवायचे. ते हसायचे आणि मला खायला घालायचे.

माझी चूक कशी झाली तेही सांगते. रेडिओ-खोलीतली मशीन कधी बंद करत नाहीत. आमचा प्रोग्रॅम महिना-दीड महिना सलग चालला की फुगायचा आणि मग गोठायचा. कारण शोधलं तेव्हा कळलं, की बटणाने दोरी धरलीय आणि दोरीने बटण. दोघांनी एकमेकांना असं धरलं होतं की बोट परत आली तरी झाडूवालीला दोघांपैकी एकही उचलता येत नव्हतं. मी एका दुपारी पुलात बदल केला. बटणाने दोरी धरायची नाही, नुसती टेकू द्यायची. धरायचं काम छोट्या भाषेकडे. ज्याने कोड लिहिलाय तो दोरी धरून ठेवेलच की, असं मी गृहीत धरलं. प्रोग्रॅम फुगायचा थांबला. डूगलने केक आणला. मी दोन तुकडे खाल्ले.

डिसेंबरच्या, म्हणजे आमच्याकडच्या उन्हाळ्याच्या, पहिल्या शनिवारी क्रेफिशचा, म्हणजे शेवंडांचा, मोसम उघडला. त्या दिवशी बॅरेट पॉइंटहून पाण्यात उतरत नाही तो माणूस आजारी तरी असतो किंवा मेलेला. एकसष्ट बोटी गेल्या. वॉरन टिली नावाचा एक जण आपल्या 'मार्गो'वर एकटाच गेला होता, दोनला येतो सांगून. दोन वाजले, सव्वादोन वाजले, भोंगा वाजला नाही. साडेसहाला त्याच्या बायकोने फोन केला की अहो, आमचे हे कुठे राहिले. खडकापलीकडे उलटलेल्या बोटीला धरून तो चार तास गार पाण्यात लोंबकळत होता. वाचला. पण दहा दिवस हॉस्पिटलात, आणि उजव्या हाताला अजून नीट संवेदना नाही.

त्या दिवशी खोलीत क्लेम बसले होते.

सोमवारी गेलचा फोन आला. गेल पॅस्को त्या खोलीची प्रमुख, साठीची बाई, आवाज असा की रेडिओ नसला तरी चालेल.

"काय गं, मेलीस की काय? तिसऱ्यांदा फोन करतेय."

"मीटिंगमध्ये होते, गेल. ऐकलं मी सगळं. क्लेम कसे आहेत?"

"कसे असणार? राजीनामा आणून दिला आज सकाळी. इस्त्री केलेला असावा असा कागद."

"पण का? चौकशी तरी होऊ दे."

"अगं, तो स्वतःच म्हणतोय. म्हणतो, भोंगा वाजला असणार, मीच बंद केला असणार, आणि मला आठवत नाही. आता ह्याच्यापुढे मी काय बोलू? आणि त्याची बायको तुला माहीत आहे ना, विनी? मरेपर्यंत सहा वर्षं ती त्याला 'तुम्ही कोण' म्हणून विचारत होती. हा माणूस त्या आजाराची पावलं ओळखतो. त्याला वाटतंय, आता माझी पाळी." मग ती कामावर आली. "तू तेवढं लॉग बघून मला लिहून दे, वर अहवाल पाठवायचाय. की बाबा, यंत्र ठीक होतं."

यंत्र ठीक होतं, असंच मलाही वाटत होतं. तरी लॉग उघडला. आमचा प्रोग्रॅम सगळं टिपून ठेवतो. भोंगा वाजला तर 'वाजला' म्हणून, कोणी बंद केला तर 'बंद केला' म्हणून. मार्गोपुढे दोन्ही नव्हतं. वाजल्याची नोंद नाही, बंद केल्याची नाही, बटण दाबल्याचीही नाही. साडेसहापर्यंत मार्गो हिरवी होती आणि गप्प होती.

मी माझ्या मशीनवर क्लेम यांचा कोड चालवला. दोन बोटी घातल्या, वेळ टळू दिली, भोंगा वाजला. पाच घातल्या, वाजला. रोज करून पाहिलं, रोज वाजला. आठ दिवस हेच. बुधवारी दुपारी मला स्वतःचीच चीड आली, की बाई, त्या दिवशी पाच बोटी होत्या का? मग लॉगमधल्या एकसष्टच्या एकसष्ट बोटी एकामागून एक त्याच क्रमाने भरल्या. मार्गो आठवी होती. त्रेचाळिसावी बोट भरली आणि जागा संपत आली. झाडूवाली आली.

सव्वादोन झाले. मार्गो हिरवी.

मला उमगायला दहा मिनिटं लागली आणि पटायला तासभर. क्लेम यांनी दोरी 'लोकल' ठेवली होती, मी शिकवली तशी. बोट भरायचं काम संपलं की आतली दोरी त्यांच्या हातातून सुटायची. पूर्वी तिला बटणाने धरलेलं असायचं. आता बटण धरत नव्हतं, कारण मी त्याचे हात सोडवले होते. दोरी अधांतरी. झाडूवाली येईपर्यंत सगळं व्यवस्थित चालायचं आणि ती येऊन गेली की बटण दिसायला तसंच हिरवं, मागे काही नाही. हिवाळ्यात चार बोटी जातात, तेव्हा ती दिवसभर फिरकतसुद्धा नाही. त्या शनिवारी मी मोजलं: बेचाळीस बटणं मेलेली होती. गरज एकाचीच पडली.

आणि ज्या गबाळ्यांनी माझं कधी ऐकलं नाही, टोपल्या भरून दोऱ्या बाहेर टांगून ठेवल्या, त्यांचा एकही भोंगा चुकला नाही. फसला तो एकच माणूस, ज्याने माझं वहीत लिहून घेतलं होतं.

मी डूगलकडे गेले. तो किटलीपाशी उभा होता. सगळं ऐकून खुर्चीत बसला.

"दुरुस्ती किती वेळाची?"

"झालीय. बटण दाबेपर्यंत दोरी धरेल, दाबलं की सोडेल. आधीच असं करायला हवं होतं."

"मग आज रात्रीच्या आत सगळ्या खोल्यांवर पाठव. आत्ता. बाकी सगळं सोड."

"पाठवतेच आहे. आणि गेलला काय सांगू?"

त्याने डोळे चोळले. "नेरिडा, दुरुस्ती गेली की आता कोणाच्या जिवाला धोका नाही. बरोबर? मग घाई कसली? नाताळ होऊ दे. जानेवारीत नीट बसून, शब्द जुळवून लिहू. आत्ता बोंब मारलीस तर बारा खोल्या उद्या आपल्याला सोडून जातील. आपण तिघं आहोत गं. तिघं आणि ही किटली."

"आणि क्लेम?"

"क्लेम अठ्ठ्याहत्तरचे आहेत. कधी तरी त्यांना थांबायचंच होतं."

डूगल वाईट माणूस नाही. हे मी त्याची बाजू घ्यायला लिहीत नाही. माझं मन त्याच्यापेक्षा फार वेगळं नव्हतं हे सांगायला लिहितेय. मी दुरुस्ती पाठवली. सोबत काय बदललं त्याची एक ओळ जोडावी लागते. मी लिहिलं, 'किरकोळ सुधारणा'. हे दोन शब्द लिहायला मला क्षणभरही थांबावं लागलं नाही. असे शब्द मी हजार वेळा लिहिले आहेत.

मग मी गप्प बसले. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. रोज सकाळी ठरवायचे की आज फोन करते, आणि रोज काहीतरी निघायचं. खरं तर काहीच निघत नव्हतं. मला लाज वाटत होती. जिथे मी शिकवायला गेले, जिथे मला बाई म्हणून मान होता, तिथे जाऊन हे सांगायचं, ह्या कल्पनेनेच मी उचललेला फोन परत खाली ठेवायचे.

मंगळवारी गेलने नाताळचं पत्र पाठवलं, सगळ्यांना पाठवते तसं. शेवटी एक ओळ होती: 'क्लेम जानेवारीत डेव्हनपोर्टला मुलीकडे राहायला जातोय, शुक्रवारी खोलीत त्याला चहा देऊन निरोप, जमलं तर ये.'

शुक्रवारी मी डूगलला न विचारता निघाले. तीन तासांचा रस्ता, आणि तीन तास मी गाडीत मोठमोठ्याने माफी मागायचा सराव करत होते. एकही वाक्य धड होईना.

खोलीत झालर लावली होती. टेबलावर स्कॅलप पाय, म्हणजे शिंपल्यांचं मांस आणि करी भरून भाजलेले कानवले, खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक, कागदी बशा. मंडळी यायला अजून तास होता, गेल आणि क्लेम दोघंच होते. क्लेम रेडिओच्या टेबलापासून लांब, दाराजवळच्या खुर्चीत पाहुण्यासारखे बसले होते. तीन आठवड्यांत ते वाळले होते. शर्टाची गुंडी मात्र गळ्यापर्यंत लावलेली.

"आलीस होय, पोरी," ते म्हणाले. "माझी वही तुला देऊन जातो. समास चांगला आहे, कोरी पानं वापरता येतील."

"क्लेम, त्याआधी माझं एक काम करा. मशीनवर बसा."

"नको गं. मी आता त्याला हात लावत नाही."

"हे माझं मशीन आहे." मी लॅपटॉप उघडून त्यांच्यापुढे ठेवला. "ह्याच्यावर तीन तारखेच्या शनिवारी होता तसाच प्रोग्रॅम आहे, आणि तुमचा कोड. त्या दिवशीच्या बोटी तुम्ही पुन्हा भरा. मी नावं वाचते."

"नेरिडा," गेल दबक्या आवाजात म्हणाली, "कशाला त्याला छळतेस? आजच्या दिवशी?"

"भरा, क्लेम. प्लीज."

त्यांनी आधी चष्मा पुसला. मग टाइप करू लागले. मी वाचत गेले, ते भरत गेले. एकही अक्षर चुकलं नाही. आठवं नाव मी वाचलं तेव्हा त्यांची बोटं थबकली.

"माणसं एक," ते स्वतःच म्हणाले. "परत दोन वाजता. त्याच्या आवाजात सर्दी होती."

"हो."

"हे बघ, हे मला आठवतंय. भोंगा आठवत नाही. विनीचंही असंच होतं. तिला बारीकसारीक आठवायचं, आणि मोठं पुसलं जायचं."

"पुढचं नाव घ्या, क्लेम."

एकसष्ट बोटी भरायला चाळीस मिनिटं लागली. मग मी मशीनचं घड्याळ पळवलं. दोन. दोन दहा. सव्वादोन. गेलचा हात तिच्या नकळत भोंगा बंद करायच्या बटणाकडे गेला होता. दोन वीस. अडीच.

मार्गो हिरवीच होती.

"वाजत नाहीये," गेल म्हणाली. "का वाजत नाहीये?"

मी सांगितलं. दोरी, चिठ्ठी, झाडूवाली, आणि मी सोडवलेले बटणाचे हात. आधी जमवलेलं एकही वाक्य आठवलं नाही, जसं आलं तसं सांगितलं. लोकल हा शब्द मीच शिकवला तेही सांगितलं. ज्यांनी ऐकलं नाही त्यांचे भोंगे वाजले तेही.

क्लेम स्क्रीनकडे बघत होते. माझ्याकडे नाही.

"म्हणजे मी बंद केला नव्हता," ते म्हणाले.

"नाही. तो वाजलाच नव्हता. तुमच्या आठवणीत नाही, कारण तो नव्हताच."

"परत कर."

मी घड्याळ मागे घेतलं, सगळं पुन्हा भरलं, ह्या वेळी आपोआप. सव्वादोन झाले. हिरवी. "परत," ते म्हणाले. मी तिसऱ्यांदा केलं. त्यांनी स्क्रीनवर बोट टेकवलं, मार्गोच्या नावावर, आणि तसंच ठेवलं. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं हसताहेत. गेलने त्यांच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा कळलं.

"अरे क्लेम," ती म्हणाली, "आणि मी तुझा तो कागद घेऊन फाइलला लावला. एक शब्द बोलले नाही रे."

"काय बोलणार होतीस? मीच लिहिलेला." त्यांनी रुमाल काढला, घडी मोडली, नाक पुसलं, पुन्हा घडी घातली. "मात्र डोळे होते मला. घड्याळ भिंतीवर होतं. दोन वाजून गेले हे मला दिसायला हवं होतं. दिव्यावर असताना मी यंत्रावर कधी विसंबलो नाही. इथे विसंबलो. तेवढं माझं."

"तेवढंही तुमचं नाही," मी म्हणाले. "साठ बोटी रेडिओवर बोलत होत्या. म्हणूनच तर ते बटण असतं."

त्यांनी रुमाल खिशात ठेवला. मग माझ्याकडे वळले. चेहरा मोकळा झाला होता, महिन्याने कोणी खिडकी उघडावी तसा. त्या चेहऱ्याने त्यांनी सहज विचारलं, "कधी सापडलं तुला हे?"

त्या क्षणी 'काल' म्हणता आलं असतं. डूगलखेरीज कोणालाच ठाऊक नव्हतं. माझ्या जिभेवर तो शब्द आलाही होता.

"गेल्या आठवड्यात," मी म्हणाले. "बुधवारी."

"चौदा तारखेला."

"हो."

"आज तेवीस."

"हो, क्लेम."

गेल माझ्याकडे बघायला लागली. क्लेम लॅपटॉपच्या कडेवरची धूळ अंगठ्याने पुसत होते. धूळ नव्हती.

"विनी शनिवारी गेली," ते म्हणाले.

मला आधी कळेना. मग गेल म्हणाली, "त्याची बोट. बायकोचंच नाव होतं तिला. विकली त्याने. लॉन्सेस्टनचा कोणी आला आणि ट्रेलरला लावून घेऊन गेला. त्याने आणि विनीने मिळून बांधली होती ती, परसात, तीन हिवाळे. म्हणाला, ज्याचं डोकं ठिकाणावर नाही त्याने समुद्रात जाऊ नये."

"बरोबरच म्हणालो होतो," क्लेम म्हणाले. "डोकं ठिकाणावर नसतं तर."

मी माफी मागितली. तीन तास सराव केलेली नाही, नुसती मागितली. ते "हं" म्हणाले. मला माफ केलं असं त्यांनी म्हटलं नाही, आजपर्यंत नाही, आणि मी विचारलेलं नाही. बुधवारी संध्याकाळी एक फोन केला असता तर ती बोट अजून त्यांच्या परसात असती. ह्यात यंत्राचा, पुलाचा, झाडूवालीचा काही संबंध नाही. हे मी जागेपणी, धडधाकट डोक्याने केलं.

मग मंडळी आली. गेलने निरोपाचं भाषण फाडून टाकलं आणि दुसरंच भाषण केलं, माझ्या नावासकट, आणि मी तिथेच उभी राहून ते ऐकलं. कोणीतरी मला स्कॅलप पाय आणून दिला. इथली माणसं रागातसुद्धा उपाशी ठेवत नाहीत, पण त्या दिवशी कोणी हसून दिला नाही. लॉन्सेस्टनच्या त्या माणसाला क्लेम यांनी पुढे पत्र लिहिलं, मीही जाऊन भेटले. तो बोट परत द्यायला तयार नव्हता. त्याची मुलं तिच्यावर खूश होती. त्याचं काय चुकलं?

होबार्टला आले आणि त्याच रात्री 'किरकोळ सुधारणा' खोडून काय घडलं ते सगळं लिहिलं, खाली माझं नाव, आणि बारा खोल्यांना पाठवलं. तीन खोल्यांनी आम्हाला सोडलं. डूगल आठवडाभर माझ्याशी बोलला नाही, मग एक दिवस त्याने किटली लावली, दिवे मंद झाले आणि तो म्हणाला, "चहा घेणार का?"

क्लेम डेव्हनपोर्टला गेले नाहीत. जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी ते पुन्हा टेबलावर बसले. बसल्या बसल्या त्यांनी स्वतःचा कोड बदलला आणि मला कळवलं, कारण ते सगळं कळवतात. 'दोऱ्या ठेवायला एक टोपली केली आहे. बोट गेली की दोरी टोपलीत, परत आली की बाहेर. तुझा पूल दुरुस्त झाला म्हणतेस, असेल. माझी दोरी मी धरणार.'

मी उत्तर लिहिलं: 'माझ्यावर विश्वास नाही म्हणून ना?'

त्यांचं उत्तर आलं: 'हो.'

वर्षातून दोनदा मी सगळ्या खोल्यांचा कोड तपासते. कामाच्या नसलेल्या ओळी काढून टाकणं हा माझ्या नोकरीचा भाग आहे, आणि मी त्यात कोणाची गय करत नाही. बॅरेट पॉइंटचा कोड उघडला तर नेहमीसारखाच लखलखीत. फक्त टोपलीत सगळ्यात वर, इतर कुठल्याही बोटीच्या आधी, एक ओळ होती. नाव: विनी. माणसं: दोन. परतायची वेळ: रिकामी. वेळच नसल्यामुळे तिचा भोंगा कधी वाजणार नाही, आणि टोपलीने धरल्यामुळे झाडूवालीही तिला नेणार नाही. स्क्रीनच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात एक हिरवं बटण कायम असतं. गेल म्हणते, नवे स्वयंसेवक विचारतात की ही कुठली बोट, आणि क्लेम सांगतात, बाहेर गेलीय.

नियमाप्रमाणे ती ओळ मी काढायला हवी. पुढच्या वेळी कोड तपासला तेव्हाही मी ती काढली नाही.